'ढ' ओळखण्याची शाळा

सीमोर बेन्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली फळमाश्यांच्या वागणुकीवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यातलं उपकरण हौशी माणसाला घरी जमवता येईल इतकं साधं आहे. काचेच्या परीक्षानळ्यांच्या दोन रांगा, तोंडाला तोंड लावलेल्या. एक रांग दुसरीवरून एकेक घर सरकू शकेल अशा चौकटीत बसवलेल्या. पहिल्या नळीत माश्यांचा घोळका सोडायचा. चौकट आपटून सगळ्यांना तळाशी पाडायचं, मग ती आडवी ठेवून पलीकडच्या टोकाला दिवा लावायचा. डिवचलेली फळमाशी उजेडाकडे धावते. ज्या धावल्या त्या समोरच्या नळीत जातात, उरलेल्या मागे राहतात. चौकट एक घर सरकवायची आणि पुन्हा तेच. काही फेऱ्यांनंतर दर वेळी उजेडाकडे गेलेल्या माश्या एका टोकाच्या नळीत सापडतात, एकदाही न गेलेल्या दुसऱ्या टोकाच्या नळीत, आणि बाकीच्या मध्ये. धान्य चाळावं तशी वागणूक चाळली जाते. न धावणाऱ्यांमध्ये कुणी आंधळी असते, कुणी लंगडी, कुणी नुसतीच मंद. त्यांची पैदास वाढवून कोणतं जनुक बिघडलंय ते शोधायचं.

निबंध वाचून एवढं सगळं कळतं. चौकट किती जोरात आपटायची ते कळत नाही. हळू आपटली तर काही माश्या भिंतीलाच चिकटून राहतात. फार जोरात आपटली तर त्या सुन्न होऊन बसतात, आणि धडधाकट माशी आंधळ्यांच्या नळीत मोजली जाते. दर वेळी तेवढीच आपटायला हवी, आणि ते मनगटाला कळावं लागतं. त्यासाठी शेजारी उभं राहून "आता जरा जास्त झालं" म्हणणारं कुणीतरी लागतं. वाटी-चमच्याची मापं कितीही नेमकी दिली तरी पुरणपोळीची कणीक किती सैल हवी ते बोटांनीच समजतं, तसंच हे.

विज्ञानाचा इतिहास आपण निबंधांच्या, पुस्तकांच्या आणि नोबेलच्या तारखांनी लिहितो. वर्तनाच्या मेंदूविज्ञानाचा इतिहास मात्र उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांच्या, फार तर आठ आठवड्यांच्या, प्रशिक्षणवर्गांच्या तारखांनीही लिहिता येईल. या वर्गांत कुणाला पदवी मिळत नाही. लोक येतात, रात्री-अपरात्रीपर्यंत हाताने काम करतात, आणि परत गेल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय बदललेला असतो. मला हा इतिहास जास्त खरा वाटतो. पण तो नीट सांगायचा तर त्यातलं एक घाणेरडं प्रकरणही सांगावं लागतं, आणि ते सहसा कुणी या यादीत धरत नाही.

*

या वर्गांचं मूळ शाळामास्तरांच्या उन्हाळी सुट्टीत आहे. १८७३ साली हार्वर्डच्या लुई अगासीने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीज नावाच्या बेटावर शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली. पन्नासेक शिक्षक आले, त्यांत बायकाही होत्या. पुस्तकं बाजूला ठेवा, समुद्रातून काढलेला जीव समोर घ्या आणि बघा, असा त्याचा खाक्या. (हाच अगासी मरेपर्यंत डार्विनच्या विरोधात उभा राहिला, आणि माणसांच्या वंशांबद्दल त्याने जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. 'बघा' म्हणणाऱ्यालाही काही गोष्टी बघायच्या नसतात.) अगासी त्याच वर्षी वारला आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर शाळा बंद पडली. पण तिथे १८७४ साली शिकलेली कॉर्नेलिया क्लॅप १८८८ साली वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या पहिल्याच उन्हाळ्यात हजर होती. दोन वर्षांनी, १८९० साली, लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, न्यूयॉर्कपासून पन्नासेक किलोमीटरवर, कोल्ड स्प्रिंग हार्बरलाही अशीच उन्हाळी शाळा निघाली.

घाणेरडं प्रकरण याच दुसऱ्या ठिकाणचं आहे.

चार्ल्स डेव्हनपोर्ट १८९८पासून कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या जीवशास्त्र शाळेचा संचालक होता. १९१० साली त्याने तिथेच 'युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस' काढलं, आणि हॅरी लाफलिन या माणसाला त्याचा कारभार दिला. सुप्रजननशास्त्राचं हे दफ्तर. मतिमंदत्व, दारूबाजपणा, गुन्हेगारी, गरिबी, सगळं रक्तातून येतं, हे घराण्यांच्या वंशावळी जमवून सिद्ध करायचं होतं. डेव्हनपोर्टचा आवाका एवढा, की नौदलातल्या अधिकाऱ्यांमध्ये समुद्राची ओढ आनुवंशिक असते असंही त्याने लिहून ठेवलंय. पण वंशावळी जमवणार कोण? त्यासाठी दर उन्हाळ्यात काही आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग भरू लागला. बहुतेक विद्यार्थी म्हणजे नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुली. व्याख्यानं ऐकायची, वेड्यांच्या आणि मतिमंदांच्या आश्रमांना भेटी द्यायच्या, मुलाखत कशी घ्यायची ते शिकायचं, वंशावळीच्या तक्त्यात चौकोन आणि वर्तुळं काढून त्यांत अक्षरं भरायची. दारुड्याचं अक्षर वेगळं, अपस्माराच्या रोग्याचं वेगळं, मतिमंदाचं वेगळं. १९२४पर्यंत अडीचशेहून जास्त लोक इथून तयार होऊन बाहेर पडले आणि खेडोपाडी, तुरुंगांत, आश्रमांत जाऊन माणसांवर अक्षरं लिहू लागले.

आजच्या व्याख्येनुसार हा वर्तनाच्या आनुवंशिकतेतल्या संशोधनतंत्राचा अल्प मुदतीचा, प्रत्यक्ष कामावर भर देणारा अभ्यासक्रम होता. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. शिस्त होती, क्षेत्रभेटी होत्या, ठरलेल्या खुणा होत्या, गुरू शेजारी उभा होता. हात तयार होत होते. समोरचा माणूस मतिमंद आहे हे त्याच्याकडे बघून, शेजाऱ्यांना विचारून कळतं, हा विश्वासही त्याच हातांबरोबर तयार होत होता. तो तपासायची सोय अभ्यासक्रमात नव्हती.

पुढचं अमेरिकेच्या न्यायालयांच्या कागदपत्रांत आहे. लाफलिनने सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचा नमुना मसुदा लिहिला. व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली त्यावर बेतलेला कायदा केला. त्याची चाचणी म्हणून कॅरी बक या तरुणीचं प्रकरण उभं करण्यात आलं: आई मतिमंद, मुलगी मतिमंद, आणि आता तिची तान्ही मुलगीही. तिसऱ्या पिढीबद्दलचा पुरावा द्यायला आर्थर एस्टाब्रुक आला, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या दफ्तराचा अनुभवी पाहणीदार. काही महिन्यांच्या त्या बाळाची त्याने तपासणी केली आणि ते सर्वसाधारणपेक्षा कमी असल्याची साक्ष दिली. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि कॅरीची नसबंदी झाली. तिची मुलगी व्हिव्हियन शाळेत गेली, १९३१ साली तिचं नाव वर्गातल्या गुणवंतांच्या यादीत लागलं. पुढच्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात गेली.

युजेनिक्सचं दफ्तर १९३९ साली बंद झालं.

*

सहाच वर्षांनी, १९४५च्या उन्हाळ्यात, युद्ध संपत आलेलं असताना, त्याच किनाऱ्यावर माक्स डेलब्रुकने फाजचा वर्ग सुरू केला. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. डेलब्रुक मुळात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. जीव म्हणजे काय ते कळायचं असेल तर सगळ्यात साधा जीव घ्या आणि मोजा, असं त्याचं म्हणणं. काचेच्या थाळीत जिवाणूंचा पातळ थर वाढवायचा, त्यावर फाज टाकायचे. जिथे एक फाज पडला तिथे दुसऱ्या दिवशी थरात एक स्वच्छ भोक दिसतं. भोकं मोजली की फाज मोजले. वर्षभर आधी, १९४४ साली, डेलब्रुकने या विषयातल्या मंडळींना एका कराराला राजी केलं होतं: प्रत्येकाने स्वतःचा वेगळा फाज पाळायचा नाही, ठरलेले सातच वापरायचे, जिवाणूही ठरलेला, म्हणजे एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडता येतील. वर्गाने त्या कराराला हात दिले. सगळ्यांनी एकाच पद्धतीने पिपेट धरलं, एकाच पद्धतीने भोकं मोजली.

आपल्याकडच्या वाचकाला हे गाण्याच्या घराण्यासारखं वाटेल, आणि ते तसंच होतं. गुरू एक, बंदिशी ठरलेल्या, कानावर पडलेला सूर लगेच ओळखू येणार. तरी एक फरक होता. घराण्यात शिरायला जन्म जातो. इथे सुमारे तीन आठवडे पुरत आणि पूर्वीचं शिक्षण कुणी विचारत नसे. १९४७ साली लिओ झिलार्ड आला. अणूची साखळी प्रक्रिया ज्याला पहिल्यांदा सुचली, तो हा माणूस, पन्नाशीच्या उंबरठ्यावर पिपेट धरायला शिकला. १९४८ साली सीमोर बेन्झर आला. अर्धवाहकांवर पीएच.डी. केलेला भौतिकशास्त्रज्ञ, जीवशास्त्राची पाटी कोरी. त्या उन्हाळ्यानंतर तो भौतिकशास्त्राकडे परतला नाही. पुढच्या दशकात त्याने फाजच्या एकाच जनुकाच्या आतला नकाशा काढला, आणि जनुक म्हणजे अखंड मणी नव्हे हे दाखवलं.

मग १९६०च्या दशकाच्या मध्यावर तो वागणुकीकडे वळला. कॅल्टेकला जाऊन त्याने फळमाश्या घेतल्या आणि सुरुवातीला सांगितलेलं ते नळ्यांचं उपकरण केलं. त्याच्याकडून पुढे काय काय निघालं! १९७१ साली त्याचा विद्यार्थी रॉन कोनोप्का याने तीन जातीच्या बिघडलेल्या माश्या दाखवल्या: एकीचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवस-रात्रच नाही, आणि तिन्हींचा दोष एकाच जनुकात. त्या जनुकाच्या आतलं यंत्र उलगडणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. १९७४ साली त्याच्या प्रयोगशाळेत माश्यांना वासाबरोबर विजेचा झटका देऊन, त्या तो वास टाळायला शिकतात हे दाखवलं गेलं. १९७६ साली न शिकणारी माशी सापडली. तिचं नाव ठेवलं 'डन्स', म्हणजे चक्क 'ढ'.

त्याच किनाऱ्याकडे बघत हा शब्द वाचला की मला थांबावंसं वाटतं. तिथल्याच एका वर्गात तयार झालेल्या लोकांनी माणसांवर ढपणाचं अक्षर लिहिलं. तिथल्याच दुसऱ्या वर्गात तयार झालेल्या माणसाच्या प्रयोगशाळेत माशीला ढ ठरवलं गेलं. वागणूक रक्तात शोधायची, हा खटाटोप दोन्हीकडे सारखाच आहे. माशीला न्यायालय नसतं, हा एक फरक झाला. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा. बेन्झरच्या नळ्यांत माशी कुठल्या घरात जाईल हे माशी ठरवते, बघणारा ठरवत नाही. पाहणीदाराने मत बनवायच्या आत आकडा पडलेला असतो. बेन्झर भोकं मोजायला शिकलेला माणूस होता, त्यामुळे त्याला वागणूकही मोजण्याजोगी करून घ्यावी लागली.

अर्थात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं नाही. ते पुढे येईलच.

*

फाजचा वर्ग १९७०पर्यंत सव्वीस उन्हाळे चालला. जेम्स वॉटसन १९४८ साली विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा त्या किनाऱ्यावर आला होता, १९६८ साली तो तिथला संचालक झाला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने उन्हाळी वर्गांमध्ये मेंदूविज्ञान आणलं. फळमाशीच्या मेंदूचा वर्ग आजही तिथे भरतो. वुड्स होलला १९७८ साली 'न्यूरल सिस्टिम्स अँड बिहेवियर' नावाचा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू झाला, तोही अजून चालू आहे. तिथे एकच प्राणी घेऊन बसत नाहीत. जळू, खेकडा, विजेचे स्पंद सोडणारे मासे, फळमाशी, उंदीर: दर काही दिवसांनी प्राणी बदलतो, त्याच्याबरोबर उपकरणं आणि शिकवणारे बदलतात. खेकड्याच्या जठराला चाळवणारं तीसेक चेतापेशींचं छोटं जाळं बशीत ठेवायचं आणि ते शरीराबाहेरही आपला ताल धरून राहतं ते ध्वनिक्षेपकातून ऐकायचं. असं एकदा कानाने ऐकलेला माणूस मेंदूबद्दल वेगळं बोलतो.

या वर्गांत जे शिकवतात त्यातलं कितीतरी कधी छापलं जात नाही. माश्यांना बेशुद्ध करायला कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर त्याच दिवशी वागणुकीचा प्रयोग करायचा नाही. उंदराच्या खोलीत शिरताना अत्तर लावायचं नाही. काळा उंदीर पाण्याच्या हौदात पोहताना दिसावा आणि बुडलेला मंच त्याला दिसू नये म्हणून पाणी गढूळ करायचं; रिचर्ड मॉरिसने १९८१ साली हा हौद पहिल्यांदा वर्णन केला तेव्हा त्यात दूध होतं, आणि उन्हाळ्यात दुधाच्या हौदाचं काय होतं ते त्या काळच्या मदतनिसांनाच ठाऊक. उंदराला शेपटी धरून उचलणं तर शंभर वर्षांची रूढ रीत होती. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीने उचललेले उंदीर उचलणाऱ्या हाताला टाळतात आणि जास्त भेदरलेले राहतात. तेच नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचलले तर नाही. म्हणजे भीती मोजणाऱ्या कित्येक प्रयोगांमध्ये मोजणाऱ्याच्या चिमटीची भीतीही मोजली गेली असणार. ती चिमूट प्रत्येकाने कुणाकडून तरी शिकलेलीच होती.

हातांबरोबर चूकही शिकवली जाते, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. पहिली थप्पड एका विद्यार्थी-प्रयोगातूनच बसली. १९६३ साली रॉबर्ट रोझेनथाल आणि केर्मिट फोड यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चक्रव्यूह शिकवायला उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या हुशार निवडलेले आहेत. बाकीच्यांना सांगितलं, तुमचे ढ आहेत. उंदीर सगळे एकसारखेच होते. 'हुशार' उंदरांनी खरोखरच जास्त चांगली कामगिरी केली. त्यांना हाताळणाऱ्यांनी त्यांना जास्त वेळा आणि जास्त हळुवारपणे हातात घेतलं होतं. कुणी खोटं लिहिलं असं म्हणायची गरज नाही. ढ म्हणून दिलेला प्राणी हातात वेगळा धरला जातो, एवढं पुरतं. एस्टाब्रुकने ते बाळ कसं धरलं असेल, असं मनात येतं.

दुसरी थप्पड १९९९ साली. जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टन आणि ब्रूस ड्युडेक यांनी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड या तीन शहरांत एकाच वेळी एकच प्रयोग केला. उंदरांच्या त्याच जाती, तशीच उपकरणं, तेच वय, तीच वेळ, तोच क्रम. सारखं करता येईल ते सगळं सारखं केलं. तरी काही चाचण्यांत प्रयोगशाळेनुसार निकाल बदलले, इतके की एखाद्या जनुकाचा परिणाम एका शहरात दिसावा आणि दुसऱ्यात दिसू नये. त्या निबंधातली एक बारीक नोंद मला फार आवडते. एडमंटनच्या एका प्रयोगकर्त्याला उंदरांची अॅलर्जी होती, त्यामुळे तो चाचण्या श्वसनयंत्र लावून करत असे. सगळं सारखं असलं तरी एका शहरातल्या उंदरांच्या जगात एक फुसफुसणारा मुखवटा होता. २०१४ साली जेफ्री मोगिलच्या प्रयोगशाळेने त्यावर कडी केली: प्रयोगकर्ता पुरुष असेल, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता शेजारी ठेवला असेल, तर तणावामुळे उंदरांची वेदना कमी दिसते.

*

या गोष्टीचा एक धागा मुंबईला येतो, तोही फाजच्या वर्गातूनच. ओबेद सिद्दीकी अलिगढहून ग्लासगोला गेले, तिथे पीएच.डी. केली, मग काही काळ कोल्ड स्प्रिंग हार्बरला आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. झिलार्डने त्यांच्याबद्दल होमी भाभांना लिहिलं. पन्नाशीत पिपेट धरायला शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला एका जीवशास्त्रज्ञाची शिफारस करावी, आणि ती त्याने ऐकावी, असं तेव्हा होत असे. १९६२ साली कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. अणू आणि गणिताच्या त्या घरात जिवाणू आले.

१९७०च्या सुमारास सिद्दीकी बेन्झरकडे कॅल्टेकला गेले. थोडं ऊन वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि गार झाल्यावर पुन्हा उठून चालू लागणाऱ्या माश्यांच्या चेतापेशींत नेमकं काय बिघडतं, यावर दोघांनी काम केलं. तो निबंध १९७६चा. सिद्दीकी माश्या घेऊनच मुंबईत परतले, असं म्हणायला हरकत नाही. इथे त्यांच्याकडे वेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात वाढलेल्या, डब्लिनला शिकलेल्या. दोघांनी वास आणि चव न ओळखणाऱ्या माश्या वेगळ्या काढायला सुरुवात केली. वासाच्या जनुकांचा गाजावाजा जगात नव्वदच्या दशकात झाला. कुलाब्याच्या समुद्राकाठी हे काम सत्तरच्या दशकात चालू होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून या मंडळींनी महाबळेश्वरलाही चर्चासत्रं भरवायला सुरुवात केली. थंड हवेचं ठिकाण, मोजकी माणसं, दिवसभर एकत्र राहणं. लाँग आयलंडची सवय सह्याद्रीत उतरली होती. पुढे सिद्दीकींनीच बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं.

अशा वर्गाला जाणं मात्र सगळ्यांच्या आवाक्यातलं नसतं. अमेरिकेतल्या उन्हाळी वर्गाचं शुल्क, विमानाचं भाडं, व्हिसा. शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिली चाळणी लागते ती शिफारसपत्राची, आणि शिफारस करू शकणारा माणूस बहुधा तिथे आधी जाऊन आलेला असतो. घराण्याचा हा दोष तीन आठवड्यांतही शिल्लक राहतो. म्हणून मला २०१०नंतर लुसिया प्रिएतो-गोदिनो, टॉम बाडेन आणि सादिक यूसुफ यांनी आफ्रिकेत सुरू केलेले वर्ग महत्त्वाचे वाटतात. युगांडात त्यांनी फळमाशीवर वर्ग घेतले. माशी निवडली कारण ती स्वस्त: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, बाटल्या, एवढ्यात काम भागतं. जी उपकरणं विकत घेता येत नाहीत ती त्रिमितीय छपाईने तिथेच करायची. उपकरण स्वतः बनवलं की ते कुठे खोटं बोलतं तेही कळतं, हा आणखी एक फायदा.

आपल्याकडे स्वस्त माश्यांची उणीव नाही. उणीव असलीच तर खऱ्या आकड्याची. मी जिथे बी.एस्सी. केलं तिथे जर्नलात उत्तर आधी लिहिलेलं असायचं, आणि निरीक्षणं त्याला जुळतील अशी मागून भरली जायची. सर्टिफाइड जर्नलशिवाय परीक्षेला बसता येत नसे, आणि निकाल चुकलेलं जर्नल सर्टिफाय होत नसे. मी लाफलिनच्या वर्गाबद्दल वाचताना मला ते तक्ते अनोळखी वाटले नाहीत.

नंतर, संशोधन करत असताना, मी दक्षिणेतल्या एका संस्थेत दोन आठवड्यांच्या वर्गाला गेले. आम्ही चौदा जण होतो, माश्यांना वास शिकवायला. अंधारी खोली, मंद लाल दिवा, कारण माशीला लाल जवळजवळ दिसत नाही. दोन वास: एक बडीशेपेच्या जवळपास जाणारा, दुसरा पावसात भिजून वाळलेल्या कॅनव्हासच्या बुटांसारखा. एका वासाबरोबर झटका, दुसऱ्याबरोबर नाही, मग दोन्ही वासांच्या दुबेळक्यात सोडायचं आणि कुठे किती गेल्या ते मोजायचं. पहिल्याच दिवशी माश्यांच्या बाटल्या हातात आल्या, त्यांवर क, ख, ग, घ एवढंच होतं. एका बाटलीत डन्स होत्या, एकीत साध्या, बाकीच्या दोन कुठल्या ते सांगितलं नाही. यादी एका पाकिटात घालून शिकवणाऱ्या बाईंनी फळ्याच्या वर चिकटवून ठेवली.

आम्ही रोज विचारायचो, निदान ढ कोण ते तरी सांगा, म्हणजे बरोबर करतोय की नाही ते कळेल. बाई म्हणायच्या, "ते कळलं की तुम्ही बरोबरच कराल, म्हणून नाही सांगत." शेवटच्या संध्याकाळी पाकीट उघडलं. चार बाटल्यांपैकी दोन साध्याच निघाल्या, एकाच पैदाशीतल्या, एकीवर ख लिहिलेलं आणि दुसरीवर घ. आमच्या सात जोड्यांपैकी तीन जोड्यांच्या वहीत ख आणि घ यांच्यात चांगलं ठसठशीत अंतर होतं, आणि एका जोडीने तर घ कसली म्यूटंट असावी याबद्दल दीड पान लिहून आणलं होतं. बाईंनी त्या दोघांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, घची बाटली रोज कितव्या नंबरावर घेत होता? शेवटच्या, ते म्हणाले. "म्हणजे जेवायच्या आधी," बाई म्हणाल्या. "बरं, आपटत कोण होतं?"